अभिरूप सराव आणि पारलिंगी रुग्णाची परिचर्या

उपचार करणाऱ्याने आपला पहिला सराव जिवंत माणसाच्या शरीरावर करू नये, ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा एक अध्याय आहे. ‘योग्या’ म्हणजे अभ्यास, हाताला लावून घ्यावयाचे वळण. छेद घेण्याचा सराव शिष्याने कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर करावा, शिरा वेधण्याचा सराव मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा आणि पट्ट्या बांधण्याचा सराव मनुष्याकृती पुतळ्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. नुसत्या पाठांतराने वैद्य घडत नाही, असा त्या अध्यायाचा रोख आहे.

आधुनिक परिचर्याशिक्षणाने हाच मार्ग पुन्हा धरला. १९११ साली अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयासाठी मार्था जेंकिन्स चेस या बाहुल्या बनविणाऱ्या बाईंनी माणसाच्या उंचीची एक बाहुली तयार करून दिली. रुग्णाला कुशीवर वळविणे, अंथरुण बदलणे, स्नान घालणे ही कामे विद्यार्थिनी तिच्यावर शिकत आणि तिला ‘मिसेस चेस’ म्हणत. १९६० साली नॉर्वेतील खेळणी बनविणारे उद्योजक आस्मुंड लेर्डाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकविण्यासाठी ‘रेससी ॲन’ ही बाहुली घडविली. त्यानंतर थोड्याच वर्षांत कॅलिफोर्नियातील हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञांनी एक निराळीच वाट काढली. त्यांनी एका निरोगी स्त्रीला विशिष्ट रोगाची लक्षणे हुबेहूब वठविण्यास शिकविले आणि विद्यार्थ्यांना तिच्यासमोर बसविले. बाहुली बोलत नाही, ओशाळत नाही, रागावून उठून जात नाही. हे सारे करणारा रुग्ण विद्यार्थ्यापुढे प्रथम आला तो या प्रयोगात.

या सर्व पद्धतींना परिचर्या महाविद्यालयांत आज ‘सिम्युलेशन’ म्हणतात. मराठीत त्यास अभिरूप सराव म्हणता येईल. अमेरिकेतील राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात असे आढळले की, प्रत्यक्ष रुग्णालयातील शिक्षणाच्या निम्म्या तासांपर्यंत अभिरूप सराव योजला, तरी विद्यार्थ्यांच्या ज्ञानात वा कौशल्यात उणेपणा येत नाही. मात्र तो सराव विचारपूर्वक आखलेला व शिकविणारे प्रशिक्षित असावे लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी. एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमातही या पद्धतीला स्थान मिळाले. प्रस्तुत प्रकरणात तिच्या एका विशेष उपयोगाचा विचार करावयाचा आहे. पारलिंगी, म्हणजे जन्मवेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी लिंगओळख असलेल्या रुग्णाची परिचर्या करण्यास विद्यार्थ्यांना कसे सिद्ध करावे, हा तो विषय होय.

रायपूर आणि तेथील रुग्ण

या विचारासाठी छत्तीसगडची राजधानी रायपूर हे शहर नजरेसमोर ठेवणे सोयीचे आहे. येथे डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आहे, ज्याला गावातील माणूस अजूनही ‘मेकाहारा’ म्हणतो. २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही येथे आहे. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून, ओडिशाच्या पश्चिम जिल्ह्यांतून आणि महाराष्ट्राच्या गोंदिया भागातूनही रुग्ण येथे येतात. शासकीय व खाजगी परिचर्या महाविद्यालयांतील विद्यार्थी याच दालनांतून तयार होतात.

या प्रदेशात पारलिंगी व्यक्ती सार्वजनिक जीवनात अपरिचित नाहीत. २०१५ च्या जानेवारीत रायगडच्या, म्हणजे छत्तीसगडमधील रायगढ शहराच्या, महापौरपदी मधु किन्नर निवडून आल्या. २०२१ साली छत्तीसगड पोलिस दलात १३ पारलिंगी उमेदवार शिपाई म्हणून निवडले गेले आणि पुढील वर्षी ‘बस्तर फायटर्स’ या दलात आणखी ९ जणांची निवड झाली. २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष या रकान्यांऐवजी ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी ६,५९१ छत्तीसगडमध्ये होत्या. आपली ओळख प्रगणकापुढे उघड न करणारे अनेक असतात, हे ध्यानी घेता खरी संख्या याहून मोठी असली पाहिजे.

शब्दांविषयी येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘तृतीयपंथी’, छत्तीसगडमध्ये ‘किन्नर’, तर शासकीय व्यवहारात ‘तृतीय लिंग’ असे शब्द रूढ आहेत. यांतून बहुधा गुरु-चेल्यांच्या परंपरेत राहणारा हिजडा समाज सूचित होतो. परंतु पारलिंगी व्यक्ती त्या परंपरेबाहेरही असतात. कोणी कार्यालयात नोकरी करते, कोणी आईवडिलांजवळ राहते. जन्मवेळी मुलगी म्हणून नोंदले गेलेले आणि पुरुष म्हणून जगणारे पारलिंगी पुरुष तर पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसतात. ज्यांची शरीररचनाच जन्मतः ठरावीक नर-मादी साच्यात बसत नाही, त्या आंतरलिंगी व्यक्तींचा प्रश्न पुन्हा वेगळा आहे. परिचर्येच्या विद्यार्थ्याने हे भेद आरंभीच समजून घ्यावेत.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना, रुग्णालयांत या व्यक्तींना योग्य वैद्यकीय सेवा मिळावी यासाठी शासनांनी उपाय योजावेत, असा आदेश दिला. २०१९ साली संमत होऊन १० जानेवारी २०२० पासून अमलात आलेल्या कायद्यात आरोग्यसेवेचे एक स्वतंत्र कलम घालण्यात आले. डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचे पुनरवलोकन करावे, असे त्या कलमात म्हटले होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतील अवमानकारक मजकूर टाळण्याची सूचना दिली. या सर्व ठिकाणी भर आहे तो डॉक्टरांवर. पण रुग्णाशी पहिला शब्द बोलते ती बहुधा परिचारिका. तिचा कपडा सारते तीच, आणि रात्री दोन वाजता पाणी विचारते तीही तीच. कायद्याच्या त्या कलमाने जिचा उल्लेख केला नाही, तिच्याच हाती त्याचे यशापयश बरेचसे आहे.

इजा कशी होते

परिचारिकेच्या वागण्यातील उणीव म्हणजे केवळ शिष्टाचाराची चूक, असा समज होण्याचा संभव आहे. पुढील दोन घटना तो दूर करण्यास पुरेशा आहेत.

१९९५ साली वॉशिंग्टन शहरात टायरा हंटर ही पारलिंगी तरुणी मोटार-अपघातात जबर जखमी झाली. उपचारासाठी धावून आलेल्या पथकातील एका कर्मचाऱ्याला कपडे कापताना तिचे शरीर अनपेक्षित वाटले. त्याने काम थांबविले व अपशब्द काढले. पुढे रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. तिच्या आईने दावा लावला आणि १९९८ मध्ये ज्यूरीने २८ लाख डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर केली.

दुसरी घटना अधिक विचार करण्यासारखी आहे, कारण तीत कोणीही वाईट वागले नाही. २०१९ साली एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात तिची हकीकत आली. ३२ वर्षांचा एक पुरुष पोटदुखीसाठी तातडीच्या विभागात आला. आपण पारलिंगी असल्याचे आणि घरी केलेली गर्भचाचणी होकारार्थी आल्याचे त्याने परिचारिकेला सांगितले. तिने त्याचे म्हणणे सभ्यपणे ऐकून घेतले. परंतु कागदावर ‘पुरुष’ असे होते. शरीर स्थूल होते, रक्तदाब वाढलेला होता आणि रक्तदाबाची औषधे बंद होती. प्रकृती स्थिर आहे असे ठरवून तिने त्याला थांबण्यास सांगितले. काही तासांनी तपासणी झाली तेव्हा तो गरोदर असल्याचे आणि गर्भाची नाळ खाली घसरल्याचे ध्यानात आले. मूल मृत जन्मले. त्याच तक्रारीने एखादी स्त्री आली असती, तर पहिल्या काही मिनिटांतच धावपळ झाली असती.

पहिल्या घटनेत द्वेष होता, दुसरीत सद्भाव होता. दुसरीत उणीव होती ती ऐकलेली गोष्ट ठरीव साच्याबाहेर नेऊन तिचा विचार करण्याच्या सवयीची. सवय व्याख्यानाने लागत नाही. येथेच अभिरूप सरावाचे प्रयोजन सुरू होते.

क्रियापदाचे लिंग

सरावाची आखणी करण्यापूर्वी रायपूरसारख्या ठिकाणी भाषेचा प्रश्न सोडवावा लागतो. इंग्रजी पुस्तकांतून घेतलेले धडे सर्वनामांपाशी थांबतात. आपल्या भाषांत लिंग क्रियापदात बसलेले असते. हिंदीत ‘आप कब आए’ आणि ‘आप कब आईं’ यांतून एक निवडल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. मराठीत ‘तुम्ही कधी आलात’ हे आदरार्थी रूप दोघांनाही चालते, पण रुग्णाविषयी तिसऱ्याशी बोलू लागताच ‘झोपले’ की ‘झोपल्या’ हे ठरवावेच लागते. गंमत अशी की, या प्रदेशाची स्वतःची बोली जी छत्तीसगढी, तिच्या क्रियापदांना हा भेद ठाऊक नाही. मुलगा आला काय अन् मुलगी आली काय, छत्तीसगढीत दोहोंसाठी ‘आइस’ असेच म्हणतात. खेड्यातून आलेल्या रुग्णाला घरच्या बोलीत जो भेद भोगावा लागत नाही, तो रुग्णालयाच्या हिंदीत पाऊल टाकताच पुढे उभा राहतो.

यावर उपाय साधा आहे. आरंभीचे प्रश्न असे बेतावे की त्यांत लिंगाचा उच्चारच येऊ नये. ‘तकलीफ़ कब से है?’ या प्रश्नात तो नाही. ‘तुम्हाला कुठे दुखते आहे?’ यातही नाही. त्यानंतर एकदाच, हलक्या आवाजात, ‘आपल्याला कोणत्या नावाने हाक मारू?’ असे विचारावे आणि उत्तरानुसार पुढे बोलावे. ‘मौसी’ हे संबोधन अनेक जण आपुलकीने वापरतात, पण तिशीतल्या रुग्णाला ते टोचू शकते. म्हणून नाते आपण जोडण्याऐवजी रुग्णालाच सांगू द्यावे. विद्यार्थ्यांनी ही वाक्ये मोठ्याने, पुनःपुन्हा म्हणून जिभेवर बसवावीत. सुई टोचण्याचा सराव जसा हाताला, तसा हा जिभेला.

एक पाठ

आता एका पाठाची आखणी तपशिलाने पाहू. हा प्रसंग शिकविण्यासाठी रचलेला आहे.

समजा, रायपुरातील एका परिचर्या महाविद्यालयाच्या सरावकक्षात तिसऱ्या वर्षाच्या आठ विद्यार्थ्यांचा गट आहे. पाठाचे तीन भाग पडतात. पहिला पूर्वकथनाचा. त्यात अध्यापिका सांगते की, येथे चुका होणार आहेत आणि त्या येथेच व्हाव्यात म्हणून हा कक्ष आहे. येथे घडलेले बाहेर बोलावयाचे नाही. कोणालाही थांबावेसे वाटले तर हात वर करावा. खोलीत काय खरे व काय कृत्रिम, हेही ती दाखवून देते. या भागात घाई केल्यास पुढचे सारे फसते, कारण भ्यालेला विद्यार्थी शिकत नाही, अभिनय करतो.

दुसरा भाग प्रसंगाचा, सुमारे पंधरा मिनिटांचा. ३४ वर्षांची एक पारलिंगी स्त्री खाटेवर आहे. सोबत तिची गुरु आहे. रुग्णपत्रिकेवर पुरुषाचे नाव व ‘पु.’ असे अक्षर आहे. तक्रार एवढीच, की डावी पोटरी दोन दिवसांपासून सुजली असून दुखते. नाडी जलद आहे. दोन विद्यार्थिनी पुढे जातात, बाकीचे निरीक्षण करतात. अध्यापिकेने प्रसंगात काही गाठी मारून ठेवलेल्या आहेत. पत्रिकेवरील नावाने मोठ्याने पुकारल्यास रुग्ण उत्तर देत नाही. ‘नातेवाईक कोण?’ असे विचारल्यावर गुरु पुढे येते. तिला बाहेर काढल्यास रुग्ण पुढील प्रश्नांना तुटक उत्तरे देते. दुखऱ्या पोटरीला कोणी चोळू लागल्यास ती कळवळते. आणि सर्वांत महत्त्वाची गाठ अशी की, ‘कोणती औषधे घेता?’ असे कोणी विचारले तरच ती सांगते की, कित्येक महिने औषधाच्या दुकानातून संततिनियमनाच्या गोळ्या आणून ती दुप्पट-तिप्पट घेत आहे. प्रश्न आला नाही, तर प्रसंगाच्या बाराव्या मिनिटाला तिला धाप लागते.

वैद्यकीय दुवा असा. या गोळ्यांत स्त्रीसंप्रेरक असते. शरीर स्त्रीसारखे व्हावे म्हणून पारलिंगी स्त्रिया डॉक्टरांच्या देखरेखीवाचून त्या घेतात, असे अनेकदा आढळते. त्याने शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पोटरीतील गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो, म्हणूनच अशी पोटरी चोळणे धोक्याचे. येथे परिचारिकेचे काम काही असामान्य नाही. औषधांचा पूर्ण इतिहास घ्यावा, पाय स्थिर ठेवावा, श्वास, नाडी व प्राणवायूची पातळी मोजावी आणि डॉक्टरांना तातडीने कळवावे. कोणत्याही रुग्णासाठी ती हेच करील. परंतु अशा पाठात पुष्कळदा विद्यार्थी नाव, वस्त्र, खाट कोणत्या दालनात द्यावी या विचारांत गुंततो. आपल्या तोंडून काही वावगे जाईल या भीतीने तो कमी प्रश्न विचारतो. त्या संकोचात औषधाचा प्रश्न राहून जातो. याउलट दुसरा विद्यार्थी कुतूहलापोटी ‘शस्त्रक्रिया झाली आहे का?’ असे विचारतो, ज्याचा सुजलेल्या पोटरीशी संबंध नाही. जे विचारावयास हवे ते विचारणे आणि जे विचारण्याचे कारण नाही ते न विचारणे, हा या पाठाचा गाभा होय.

तिसरा भाग उत्तरचर्चेचा. त्याला प्रसंगाच्या दुप्पट वेळ द्यावा. खरे शिक्षण येथेच होते. अध्यापिकेने आरंभी न्यायाधीश होऊ नये. प्रथम प्रसंगातील विद्यार्थिनींना काय वाटले ते बोलू द्यावे, नंतर काय घडले याची उजळणी करावी आणि शेवटी असे का घडले याकडे वळावे. ‘तुम्ही औषधे विचारली नाहीत’ असे म्हणण्याऐवजी ‘पाचव्या मिनिटाला तुम्ही प्रश्न विचारण्याचे थांबलात, त्या वेळी मनात काय चालले होते?’ असे विचारावे. ‘मला वाटले, मी तिला आणखी दुखवीन,’ असे उत्तर आले, तर गटाला सद्भाव आणि निष्काळजीपणा एकाच कृतीत कसे नांदतात ते दिसते. मग रुग्णाची भूमिका केलेली व्यक्ती भूमिकेतून बाहेर येऊन सांगते की, खाटेवरून तिला काय ऐकू आले, कोणत्या क्षणी विश्वास बसला आणि कोणत्या क्षणी तो गेला. हे बोल कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतात. त्यानंतर तोच प्रसंग दुसऱ्या जोडीकडून पुन्हा करवून घ्यावा. चूक कळली एवढ्यावर न थांबता, ती सुधारल्याचा अनुभव घेऊन विद्यार्थी बाहेर पडला पाहिजे.

भूमिका कोणी करावी

या पद्धतीतील सर्वांत नाजूक प्रश्न रुग्णाच्या भूमिकेचा आहे. छत्तीसगडला सोंगाची परंपरा नवी नाही. येथील ‘नाचा’ या लोकनाट्यात पुरुषच स्त्रियांच्या भूमिका करीत आले आहेत आणि महाराष्ट्राच्या रंगभूमीनेही ते पाहिले आहे. परंतु चित्रपटांतून व विनोदी प्रहसनांतून किन्नराचे जे टाळ्या वाजविणारे, अंगविक्षेप करणारे सोंग लोकांच्या डोळ्यांत बसले आहे, तेच वर्गातील एखादा मुलगा नकळत वठवील आणि वर्ग हसेल. मग जो पूर्वग्रह घालवावयाचा, त्याचाच सराव झाला असे होईल. पुतळ्याला केसांचा टोप व साडी नेसवूनही हेच घडते.

म्हणून शक्य तेथे ही भूमिका पारलिंगी व्यक्तीनेच करावी. पण तेवढ्याने जबाबदारी संपत नाही. तिला योग्य मानधन मिळावे. प्रसंग तिच्याबरोबर बसून लिहावा. तिने स्वतःच्या आयुष्यातील जखम वर्गापुढे उघडी करावी, अशी अपेक्षा धरू नये. भूमिका तिची, कहाणी रचलेली. खाजगी अवयवांची तपासणी या पाठात कधीही असू नये. ती हवी असल्यास पुतळ्यावर वेगळी शिकवावी. कोणत्याही क्षणी प्रसंग थांबविण्याचा अधिकार तिला असावा. एकाच दिवशी आठ गटांकडून आठ वेळा चुकीच्या नावाने पुकारून घेणे हा अभ्यास नव्हे, क्लेश आहे, हे ध्यानी घेऊन फेऱ्या मोजक्या ठेवाव्यात. रुग्णाला इजा होऊ नये म्हणून ज्या पद्धतीचा जन्म झाला, तिने दुसऱ्याच कोणाला इजा करावी, हे तिच्या मूळ हेतूशी विसंगत होईल. वर्गातील एखादा विद्यार्थीही स्वतः पारलिंगी असू शकतो व त्याने ते कोणाला सांगितलेले नसेल, याचेही भान अध्यापिकेने बाळगावे.

आणखी काही प्रसंग

एका पाठाने विषय पुरा होत नाही. पोटदुखीने आलेल्या पारलिंगी पुरुषाचा प्रसंग वर सांगितलेल्या सत्य घटनेवरून बेतता येईल. त्यात विद्यार्थ्याने शिकावयाचे ते हे, की पत्रिकेवरील लिंगावरून शरीरात कोणते अवयव आहेत याचा निष्कर्ष काढू नये. तक्रारीशी संबंध असेल तेव्हा कारण सांगून ते विचारावे. गर्भाशय असेल तर गर्भधारणा संभवते. योनिनिर्मितीची शस्त्रक्रिया झालेल्या पारलिंगी स्त्रीच्या शरीरातही पुरःस्थ ग्रंथी राहतेच.

दुसरा प्रसंग मूत्रनलिकेचा. हिजडा परंपरेत ‘निर्वाण’ झालेल्या व्यक्तीत मूत्रमार्गाचे तोंड अरुंद झालेले असू शकते. तेथे नळी जोराने घालू नये. अडथळा जाणवताच थांबून डॉक्टरांना बोलवावे. आश्चर्य चेहऱ्यावर उमटू न देणे हाही या कौशल्याचाच भाग आहे आणि तो पुतळ्यावर साधत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे.

तिसरा प्रसंग पाळी बदलतानाच्या निवेदनाचा. सकाळची परिचारिका दुपारच्या परिचारिकेला खाटेजवळ उभी राहून रुग्णाची माहिती देते. दिवसभर सन्मानाने बोललेल्या रुग्णाचा ‘तो’ असा उल्लेख याच वेळी होतो आणि शेजारच्या दहा खाटांना ऐकू जातो. चौथा प्रसंग संसर्गाविषयीचा. पारलिंगी रुग्ण म्हणजे एचआयव्हीचा रुग्ण, अशी समजूत रुग्णालयांत खोल रुजलेली असते, आणि मग साध्या तापासाठीही दोन-दोन हातमोजे चढतात. संसर्गप्रतिबंधाचे नियम सर्व रुग्णांना सारखेच असतात. चाचणीचा निकाल गुप्त राखण्याचे बंधन तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही घातले आहे.

या सर्व पाठांच्या मुळाशी एक शास्त्रीय वस्तुस्थिती आहे, ती विद्यार्थ्याला आरंभीच सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली व १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत लिंगओळखीची विसंगती मनोविकारांच्या यादीतून काढण्यात आली. पारलिंगी असणे हा आजार नव्हे. रुग्ण आजारी आहे तो त्याच्या पोटरीमुळे, पोटामुळे किंवा तापामुळे.

मर्यादा

अभिरूप सरावाकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. एका दुपारच्या पाठानंतर विद्यार्थ्यांची प्रश्नावली भरून घेतली, तर उत्तरे उत्साहाचीच येतील. सहा महिन्यांनी रात्रपाळीत, दोन परिचारिकांवर चाळीस खाटांचा भार असताना, त्यांतील किती टिकते हा खरा प्रश्न आहे. म्हणून पाठ दर सत्रात निराळ्या स्वरूपात परत यावा आणि त्याचा पडताळा दालनात घ्यावा: औषधांची नोंद पूर्ण आहे काय, निवेदनात नाव कोणते उच्चारले गेले, सोबतच्या गुरूला बसण्यास जागा मिळाली काय. शिवाय नोंदणीच्या खिडकीवरील कारकून, खाट ढकलणारा सेवक, पहारेकरी हे या पाठात नसतात; रुग्णाला मात्र प्रथम तेच भेटतात.

व्यवस्थेने काही पावले टाकली आहेत. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ साली पारलिंगी रुग्णांसाठी स्वतंत्र दालन उघडण्यात आले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या करारान्वये आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण या व्यक्तींना देण्याचे ठरले. दालन व विमा दोन्ही हवेत. परंतु अपघात झालेला रुग्ण स्वतंत्र दालनात येत नाही. तो जवळच्या रुग्णालयाच्या दारात येतो आणि तेथे जी परिचारिका कामावर असेल, ती त्याच्या वाट्यास येते.

पुष्कळ पारलिंगी रुग्ण आजार अंगावर काढतात, दुकानातून गोळ्या घेऊन वेळ मारून नेतात, आणि रुग्णालयात येतात ते फार उशिरा. एकदा झालेली अवहेलना त्यांना पुढची अनेक वर्षे त्या दारापासून दूर ठेवते. सरावकक्षातील विद्यार्थिनी जेव्हा दुसऱ्या फेरीत खाटेजवळ खाली वाकून, हलक्या आवाजात नाव विचारते आणि लगेच ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारते, तेव्हा तिने दोन गोष्टी साधलेल्या असतात. रुग्णाच्या पोटरीतील गुठळी वेळेवर ध्यानात येते, आणि पुढच्या आजारपणात तो रुग्ण पुन्हा रुग्णालयात येण्याची शक्यता वाढते.